र असलेले महिने

ज्या महिन्याच्या नावात र असेल
त्या महिन्यात रोज एक चमचा.
आईचा नियम. सप्टेंबर ते एप्रिल,
कॉडच्या काळजाचं तेल,
नाक दाबून, उभ्यानं, बूट घालायच्या आधी.
मे उजाडला की चमचा खणात उताणा पडायचा
आणि आम्ही भावंडं जिभा बाहेर काढून
उन्हाला दाखवायचो.

कारण तिनं कधी सांगितलं नाही.
वार्डोत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य जातो
तो जानेवारीच्या मध्याला परततो.
इतके दिवस बाहेर राहणाऱ्याबद्दल
घरात कोण बोलतं?
तेल पी, म्हणायची. एवढंच.

आता मी बाहत्तर वर्षांची.
एकतीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
गार पाण्यात उभी राहून कॉड चिरले.
त्यांची काळजं वेगळ्या बादलीत जायची.
माझे गुडघे कुठल्या बादलीत गेले
ते पगाराच्या पावतीवर नसायचं.

स्तिआननं त्रोनहेमहून खोकं पाठवलंय.
त्यात डी आहे. बी आहे, बारा नंबरचं.
सांध्यांसाठी खेकड्याच्या कवचाच्या गोळ्या,
म्हणजे समुद्र पुन्हा माझ्याच दारात,
बाटलीबंद, वर किंमत चिकटवलेला.
आणि कॅप्सुलीत एक पिवळी पूड,
कुठल्याशा उष्ण देशातलं मूळ म्हणे,
तिथल्या बाया रोज कालवणात घालतात.
त्यांचे गुडघे दुखत नाहीत का,
हे बाटलीवर लिहिलेलं नाही.

औषधांच्या दुकानातली सिल्ये
चष्मा पुसत म्हणाली, डी घ्या,
तुमच्या रक्तात कमीच आहे,
पण तेलातही डी असतं, दोन्हींची बेरीज करून घ्या.
आणि सांध्यांचं म्हणाल तर...
थांबली.
दुकान तिचं. बाटल्यांची फळी तिच्याच पाठीशी.
"काहींना बरं वाटतं."
काहींना!
बरं तर मलाही वाटतं,
वारा पडला की.

शेजारची ओस्लौग शपथेवर सांगते,
तीन आठवड्यांत खांदा वर गेला.
मागच्या वर्षी चुंबकाच्या कड्याबद्दलही
ती अशीच शपथ घ्यायची.

मी काही ठरवलं नाही.
खोकं खिडकीत ठेवलं, त्याच्यावर हातमोजे वाळत घातले.

मग एका सकाळी ओस्लौगचा कुत्रा, पासे,
चौदा वर्षांचा, पायरीशी उभा राहून रडला.
जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.
खेकड्याची द्या, म्हणाला, अर्धी.
डी अजिबात नको, तिथे हात लावू नका.
तेव्हापासून रोज अर्धी, माशाच्या तुकड्यात लपवून,
रोज त्यांच्या दारापर्यंत, बर्फावरून, काठी टेकत.
उरलेली अर्धी टाकवत नाही.
ती मी घेते.

फेब्रुवारीत पासे तीन पायऱ्या चढला.
मी मोजल्या.
त्याला कुणी बाटली वाचून दाखवली नव्हती.
तो त्या काहींपैकी एक असेल,
की मासाच चांगला होता,
की रोज कुणीतरी येतं म्हणून,
कुत्र्याला विचारायची सोय नाही.
आणि माझं म्हणाल तर
परवा परतताना काठी त्यांच्या दारातच राहिली.
घरी आल्यावर लक्षात आलं.
एकदाच झालंय हे. सिल्येला सांगितलेलं नाही.
ओस्लौगला तर नाहीच.

रविवारी स्तिआनचा फोन. घेतेस ना, आई?
घेते, म्हटलं.
अर्धं खरं.
मागून त्याची धाकटी ओरडली, काय घेते आजी?
तेल, म्हटलं. नाक दाबून.
ईऽऽ, म्हणाली ती, आणि मग विचारलं,
मला चालेल का?

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं.
मार्च.
बापाला विचार, म्हटलं.
त्याला आठवत असेल, कसं लागतं ते.